गोळ्याही चालू, पाजणंही चालू

डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ मला अजून पाठ आहे. ‘आईची औषधे चालू असल्याने स्तनपान बंद. बाळाला वरचे दूध.’ त्याखाली डब्याच्या दुधाचं नाव, किती पाण्यात किती चमचे तो हिशेब, आणि वेगळ्या चिठ्ठीवर दूध आटवायच्या गोळ्या. जुलै २०२३ चा शेवट होता. सिझेरियनचा पाचवा दिवस. माझा गाऊन दोन्ही बाजूंनी ओला झाला होता. बाहेर व्हरांड्यात दोन नर्स खुर्चीवर चढून आईच्या दुधाचं महत्त्व सांगणारं पोस्टर चिकटवत होत्या, कारण ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे स्तनपान सप्ताह दोन दिवसांवर आला होता.

ते पोस्टर बघून मला रडू फुटलं. सासूबाईंना वाटलं टाके दुखतायत.

मला ल्युपस नेफ्रायटिस आहे. २०१६ साली, बावीस वर्षांची असताना, सकाळी उठलं की डोळ्यांखाली सूज, सांधे धरलेले आणि लघवीला साबणाच्या पाण्यासारखा फेस, असं सुरू झालं. मिरजेला किडनीची बायॉप्सी झाली. रिपोर्टवर क्लास चार, म्हणजे गंभीर प्रकार. आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती किडनीवर उलटते आणि लघवीतून प्रोटीन जायला लागतं, असा हा आजार. तेव्हापासून स्टेरॉइड आणि मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू होतं. लग्नानंतर मूल हवं म्हटल्यावर आमच्या नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीच्या डॉक्टर) सरांनी आधी मायकोफेनोलेट बंद केलं, कारण त्याने पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं. त्याच्या जागी त्याच कामाचं अझाथायोप्रिन दिलं. बीपीचं रामिप्रिल काढून लॅबेटालॉल आणलं. मग सहा महिने लघवीचे रिपोर्ट शांत राहिले की नाही ते पाहिलं आणि त्यानंतरच ‘आता हरकत नाही’ म्हणाले. एवढी तयारी करून दिवस राहिले. पण या सगळ्या तयारीत बाळ झाल्यावर पाजायचं की नाही, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही, हे मला डिस्चार्जच्या दिवशी कळलं.

सदतिसाव्या आठवड्यात बीपी वर गेलं म्हणून सिझेरियन केलं. मुलगी, दोन किलो चारशे ग्रॅम. पहिले दोन दिवस मी वेगळ्या खोलीत मॉनिटरला जोडलेली, ती नवजात कक्षात. तिसऱ्या दिवशी एका वयस्कर नर्सने तिला माझ्या कुशीत दिलं, माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाली, ‘बघा, चीक आहे. वाया घालवू नका.’ पोरीने तोंड उघडलं, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा घट्ट धरलं. तीन दिवस मी तिला पाजत होते आणि कोणी काही बोललं नव्हतं. डिस्चार्ज लिहिणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या औषधांची यादी वाचली आणि ती ओळ लिहिली.

त्यांना वाईट म्हणायचा माझा हेतू नाही. अझाथायोप्रिनच्या पाकिटातला कागद काढून वाचला तर त्यावर स्तनपान टाळा असंच लिहिलेलं असतं. एवढ्या गोळ्या खाणारी बाई समोर असेल तर ‘बंद करा’ म्हणणं सगळ्यात बिनधोक वाटत असणार. पण तो निर्णय कोणाला एक फोनही न करता झाला होता, आणि तो माझ्या मुलीच्या तोंडचं दूध काढून घेणारा होता. याचं मला अजून वाईट वाटतं.

नवऱ्याने पार्किंगमधूनच नेफ्रॉलॉजिस्ट सरांना फोन लावला. सर मला सात वर्षं ओळखतात. त्यांनी मोजकं सांगितलं. ‘दूध आटवायची गोळी घेऊ नकोस. बीपी वाढलेल्या बाळंतिणीला ती द्यायची म्हटली तरी फार विचार करावा लागतो. पाजणं चालू ठेव. उद्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घाल आणि बाळाच्या डॉक्टरांकडे जा, मी त्यांच्याशी बोलून ठेवतो.’

दुसऱ्या दिवशी बाळाच्या डॉक्टर मॅडमच्या टेबलावर मी आठ पट्ट्या ओळीने मांडल्या. त्यांनी मोबाइलवर लॅक्टमेड उघडलं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही यादी फुकट बघता येते आणि त्यात एकेका औषधापुढे दुधात किती उतरतं, पाजलेल्या बाळांमध्ये काय दिसलं, हे लिहिलेलं असतं. मॅडम एकेक पट्टी उचलायच्या, वाचायच्या आणि उजवीकडे नाहीतर डावीकडे ठेवायच्या. ती अर्धा-पाऊण तासाची बैठक मला कोणत्याही तपासणीपेक्षा मोलाची वाटते.

प्रेडनिसोलोन, तेव्हा दहा मिलिग्रॅम. उजवीकडे. आईने भला मोठा डोस घेतला तरी त्याचा हजारातला एखादा भागसुद्धा दुधात उतरत नाही. बाळाचं शरीर स्वतः जे कॉर्टिसॉल बनवतं त्यापुढे ते काहीच नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, उजवीकडे. ती आठवडेच्या आठवडे शरीरात रेंगाळणारी गोळी, त्यामुळे तिची वेळ साधून काही उपयोग नाही, आणि दुधात उतरते तीही थोडीच. ल्युपसवाल्या बाईने ती बाळंतपणात बंद केली तर आजार उसळतो, म्हणून ती सोडायचीच नाही. लॅबेटालॉल आणि निफेडिपिन, उजवीकडे. इथे मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, बीपीची गोळी कोणी बदलून अटेनोलॉल दिली तर मला आधी सांगा. ती दुधात जास्त उतरते आणि एवढ्या लहान बाळाच्या किडनीला ती बाहेर टाकायला जड जातं. कॅल्शियम, लोह, ड जीवनसत्त्व यांत काही बघायचंच नव्हतं.

राहिली अझाथायोप्रिन, शंभर मिलिग्रॅम. ही पट्टी त्यांनी हातातच धरून ठेवली. म्हणाल्या, ‘हिच्यावरूनच त्यांनी बंद लिहिलं असणार.’ मग समजावलं. गोळी पोटात गेली की तिचं जे रूप होतं ते दुधात येतं, पण अगदी थोडं, आणि जे यायचं ते बहुतेक पहिल्या चार तासांत. ही गोळी घेत पाजलेल्या बायकांची बाळं तपासली गेली आहेत, ती नीट वाढली आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनेतही ती पाजणाऱ्या आईला चालते असं दिलंय. ‘पण आपण बाळाचं रक्त बघू. पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना, एवढंच.’ आणि पट्टी उजवीकडे ठेवली.

डावीकडे काहीच राहिलं नव्हतं.

मी विचारलं, चालतं की नाही हे तुम्ही ठरवता कसं? त्या म्हणाल्या, आईच्या वजनाला आईचा डोस आणि बाळाच्या वजनाला दुधातून मिळणारा डोस, दोन्ही ताडून बघायचे. बाळाला दहा टक्क्यांच्या आत पोचत असेल तर बहुतेक औषधांना चालतं असं धरतात. पण ही मोजपट्टी सरसकट लावायची नाही. सायक्लोफॉस्फमाइडसारख्या विषारी औषधाचा थोडा अंशही नको. मायकोफेनोलेटही पाजताना नको. शिवाय बाळ पूर्ण दिवसांचं आहे की आधी झालेलं, त्याचं वजन काय, फक्त अंगावर आहे की वरचंही खातंय, यावर उत्तर बदलतं. एकच गोळी दोन महिन्यांच्या बाळाला चालेल आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला चालणार नाही.

तिथेच माझ्या डोक्यातली एक मोठी गाठ सुटली. मी समजत होते, पोटात असताना जे चालत नाही ते पाजतानाही चालत नाही. तसं नाही. तीन आठवड्यांनी सरांनी मला एनालाप्रिल सुरू केली. ही रामिप्रिलच्याच घराण्यातली गोळी. लघवीतून जाणारं प्रोटीन ती आवरते, त्यामुळे माझ्या किडनीला ती हवीच होती. पोटात बाळ असताना या घराण्यातल्या गोळ्यांनी बाळाच्या किडनीला इजा होते, म्हणून रामिप्रिल बंद केलं होतं. त्याच घराण्यातली गोळी आता पाजताना चालते म्हणे! मी तीनदा विचारलं. सरांनी कागदावर दोन चित्रं काढली, एकात वार आणि एकात स्तन. वारेतून औषध बाळाच्या रक्तात जातं. दुधात मात्र एनालाप्रिल नावापुरतीच उतरते. तरीही पोरगी तीन किलोच्या जवळ जाईपर्यंत ते थांबले, कारण पहिल्या काही आठवड्यांत बाळाची किडनी कोवळी असते. सुरू केल्यावर मॅडमनी सांगितलं, ती सुस्त पडतेय का, नीट ओढत नाही का, लघवी कमी होतेय का, बघा. माझ्या रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते यावरून कळतं) दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं.

आणि सहाव्या आठवड्यात तांबी बसवली. पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत या भरवशावर बसू नकोस, एनालाप्रिलवर असताना दिवस राहिले तर पंचाईत होईल, असं सर म्हणाले. ल्युपस नेफ्रायटिस असताना इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोत, म्हणून तांबी.

हे सगळं सांगताना एक गोष्ट मागे राहिली. दवाखान्यातच, सिझेरियनच्या रात्री, टाके ठणकत होते तेव्हा नर्स वेदनेचं इंजेक्शन घेऊन आली. मी नाव विचारलं. डायक्लोफिनॅक. मी हात मागे घेतला. मला ते चालत नाही, किडनी आहे, पॅरासिटॅमॉल द्या. ती म्हणाली, ‘अहो, दुधाला काही होत नाही याने.’ ती खरं सांगत होती. ते दुधात फारसं उतरत नाही. पण माझ्या किडनीला ते घातक. फाइल बघायला ती गेली आणि पॅरासिटॅमॉलची बाटली घेऊन आली. तेव्हापासून प्रत्येक औषधाला मी दोन प्रश्न विचारते, एक माझ्या किडनीचा आणि एक दुधाचा, आणि दोन्ही वेगवेगळे विचारते. बहुतेक वेळा समोरच्या माणसाला त्यातल्या एकाचंच उत्तर ठाऊक असतं. बाळंतपणाच्या डॉक्टरांना दुधाचं, किडनीच्या डॉक्टरांना किडनीचं. त्यांच्यामध्ये निरोप्या म्हणून आपल्यालाच उभं राहावं लागतं, टाके असले तरी.

माझी आई जतहून बाजरीचं पीठ, अळीव, डिंक, बाळंतशोप आणि एका बाटलीत काढा घेऊन आली. तिच्या हाताखाली गावातल्या कित्येक बाळंतिणी उठल्या आहेत. काढा एका ओळखीच्या बाईने घरी करून दिलेला, आत काय काय आहे ते तिलाही पुरतं सांगता येईना. सरांचा नियम मला माहीत होता. बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ते औषध पोटात जाणार नाही. काही वनस्पती सरळ किडनीच खराब करतात आणि काही भस्मांत शिसं, पारा सापडलेला आहे. आईला हे सांगणं फार जड गेलं. ती काही बोलली नाही. बाटली तिने खिडकीत ठेवली आणि जाताना परत घेऊन गेली. बाजरीची भाकरी, अळिवाची खीर, तूप-भात हे मी मनापासून खाल्लं, फक्त मीठ बेताचं, आणि पापड-लोणचं नाही. दूध कमी पडलं नाही.

नवऱ्याने शाळेची जुनी हजेरीची वही आणली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, अशा वह्या घरात पडलेल्या असतात. त्यात चार रकाने आखले: गोळी, पाजलं, लंगोट, बीपी. मॅडम म्हणाल्या होत्या, अझाथायोप्रिन रात्री घ्या, पाजून झाल्यावर लगेच. मग पहिल्या चार तासांतलं जमेल तेवढं टळेल, नाही टळलं तरी घाबरू नका. पोरगी रात्री साडेदहाला पिऊन झोपायची. मी पावणेअकराला गोळी घ्यायचे. सुरुवातीला ती दीड तासातच उठायची. तेव्हा संध्याकाळी पिळून ठेवलेलं दूध सासूबाई तिला बोंडल्याने पाजायच्या. माझ्या नवऱ्याला ज्या बोंडल्याने पाजलं तेच चांदीचं बोंडलं, टोकाला किंचित चेपलेलं. सासूबाई उकळत्या पाण्यातून काढून ते पदरावर उलटं ठेवायच्या आणि वाफ निघून जाईपर्यंत फुंकर घालत बसायच्या. पोरगी त्याचं टोक ओठांनी चाचपायची, मग घुटकन गिळायची. मी शेजारच्या खाटेवर कुशीवर पडून ते बघायचे. माझ्या छातीत तेव्हा कळ यायची आणि ब्लाउज भिजायचा. दीड महिन्याने ती सलग चार तास झोपायला लागली आणि तो प्रश्न आपोआप मिटला.

तिसऱ्या आठवड्यात बाळाचं रक्त काढलं. एवढ्याशा हातातली शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं. ती निळी पडेपर्यंत रडली आणि मला वाटलं, हे मी माझ्या हट्टापायी तिला करायला लावतेय. रिपोर्ट चांगला आला. पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, लिव्हर, सगळं ठीक. नंतर महिन्याने एकदा, मग तीन महिन्यांनी. वजन सहाव्या आठवड्यात साडेतीन किलो. त्या दिवशी घरी येताना आम्ही पेढे घेतले.

रक्त काढायच्या रांगेत एक बाई भेटली होती. तीही किडनीची पेशंट, चार महिन्यांची बाळंतीण. तिने उलटं केलं होतं. बाळाला अंगावर पाजायचं म्हणून कोणालाही न विचारता स्टेरॉइड आणि बाकीच्या गोळ्या स्वतःच बंद केल्या होत्या. पाय मांडीपर्यंत सुजलेले, बसायला जागा दिली तर बसताही येईना. ती म्हणाली, ‘बाळासाठीच केलं ना मी.’ मला तिचा तो स्वर विसरता येत नाही. तिच्या गोळ्यांपैकी किती खरंच बंद करायच्या होत्या, कोण जाणे. कदाचित एकही नाही. रोजचं स्टेरॉइड एकदम तोडणं तर स्वतःच धोक्याचं असतं. तिला कोणी टेबलावर पट्ट्या मांडायला सांगितल्या नव्हत्या, एवढंच.

दिवाळीच्या आठवड्यात लघवीला फेस परत आला. मी आधी बघूनही न बघितल्यासारखं केलं. भाऊबीजेनंतर तपासलं. लघवीतून किती प्रोटीन जातं ते सांगणारं प्रोटीन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर ०.५ वरून १.९. रक्तातलं क्रिएटिनिन ०.८ चं १.०. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत ल्युपस उसळू शकतो हे सरांनी सांगून ठेवलं होतं, तरी कागद हातात आल्यावर पाय लटपटले.

सरांनी दोन्ही वाटा पुढे ठेवल्या. एक, मायकोफेनोलेट परत सुरू करायचं, मग पाजणं बंद. दुसरी, स्टेरॉइड वाढवायचं आणि सोबत टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध द्यायचं. टॅक्रोलिमस दुधात फार कमी उतरतं, पाजता येतं. पण त्याने किडनीवर ताण येऊ शकतो, रक्तातली पातळी सतत मोजावी लागते, बीपी वाढतं. ‘सहा आठवडे देऊ. गुणोत्तर खाली आलं नाही तर तू माझ्याशी वाद घालायचा नाहीस.’ मी कबूल केलं. आईची किडनी गेली तर त्या दुधाचा काय उपयोग, हे सरांनी बोलून दाखवलं नाही, पण ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं आणि ते बरोबर होतं. घरी सासूबाई म्हणाल्या, ‘चार महिने पाजलंस, पुष्कळ झालं, आता स्वतःकडे बघ.’ मला तो शब्द लागला, पण त्यांनी तो मायेने काढला होता.

स्टेरॉइड चाळीस मिलिग्रॅमवर गेलं. वीसच्या वर गेलं की गोळीनंतर चार तास पाजायचं नाही, नाहीतर तेवढ्या वेळातलं दूध काढून टाकायचं. तीही त्याच २०२० च्या सूचनेतली गोष्ट, मॅडमनी वाचून दाखवली. स्टेरॉइड सकाळी खाल्ल्यावर घ्यायचं असतं, आणि सकाळ हीच पोरीची सगळ्यात भुकेची वेळ. मग पहाटे पाचला पंपाने एक वाटीभर काढून ठेवायचं, साडेसहाला पाजायचं, नाश्ता, सातला गोळी, आणि अकरापर्यंत वाटीतलं. काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं. थंडीचे दिवस होते म्हणून निभावलं. नऊच्या सुमाराला छाती दगडासारखी व्हायची, तेव्हाचं काढलेलं मी न्हाणीघरात ओतून द्यायचे. ते ओतताना मी कधी खाली बघितलं नाही. महिन्याभरात डोस वीसवर आला आणि हे थांबलं.

टॅक्रोलिमसचं गणित वेगळं. बारा-बारा तासांनी, उपाशी पोटी. पातळी मोजायची असेल त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं, गोळी पर्समध्ये घेऊन जायचं. हात थरथरायला लागले. पोरीची नखं कापायला मला जमेना, ते काम नवऱ्याकडे गेलं. पपनस आणि ग्रेपफ्रूट खायचं नाही, त्याने रक्तातली पातळी चढते.

डिसेंबरात पोरीच्या जिभेवर पांढरा थर आला आणि माझ्या स्तनाग्रांना काचेने कापल्यासारखं व्हायला लागलं. बुरशीचा संसर्ग, स्टेरॉइडवर असलेल्या बाईला सहज होऊ शकतो. रविवार होता, जवळच्या दवाखान्यात गेलो. तिथे मला फ्लुकोनॅझोल लिहून दिलं. दुधाला चालणारं औषध, लहान बाळांनाही देतात ते. मेडिकलच्या दारात उभं राहून मी सरांना मेसेज केला. दहा मिनिटांत फोन आला: घेऊ नकोस, फ्लुकोनॅझोलने टॅक्रोलिमसची पातळी भराभर वाढते. मग मला लावायला क्लोट्रिमॅझोलचं मलम, बाळाच्या तोंडात लावायला त्याचेच थेंब, दोघींना एकाच वेळी. आठवड्यात उतरलं. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एक पुठ्ठा आहे. एका बाजूला माझ्या चालू गोळ्या डोससकट, दुसऱ्या बाजूला लाल शाईत न चालणारी नावं: डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन. नवीन डॉक्टर दिसला की मी आधी तो पुठ्ठा पुढे करते.

सहा आठवड्यांनी गुणोत्तर ०.८. सर पहिल्यांदा हसले.

जानेवारीअखेर रजा संपली. शाळा तासगावकडे. दुपारच्या सुट्टीत पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांमागे पाठमोरी बसून मी दूध काढायचे. मदतनीस मावशी दाराशी राखणीला उभ्या राहायच्या, कोणी पोर आलं की ‘बाई कामात हायत’ म्हणून पिटाळायच्या. पोरीला सहा महिने पूर्ण झाले होते. मऊ भात, नाचणीची पेज सुरू झाली तसं ते कामही हलकं झालं.

पुढचे काही महिने बरे गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये गुणोत्तर पुन्हा १.४ झालं. यावेळी सरांना काही सांगावं लागलं नाही, मीच म्हणाले, मायकोफेनोलेट सुरू करू. पोरगी तेरा महिन्यांची, चालायला लागलेली, आमच्या ताटातलं खाणारी. तांबी जागेवर होती, या गोळीला ते फार महत्त्वाचं. सरांनी तीन आठवडे दिले. दूध पूर्ण सुटल्यावरच गोळी सुरू करायची. सासूबाई म्हणाल्या, कडुनिंबाचा पाला वाटून लाव, दोन दिवसांत सोडेल. मला ते नको होतं. दुपारचं आधी सोडवलं, मग संध्याकाळचं, मग रात्रीचं. पहाटेचं सगळ्यात शेवटी राहिलं. त्या वेळी ती डोळे न उघडता सरकत यायची, एक हात माझ्या मंगळसूत्रात अडकवायची आणि प्यायची.

शेवटच्या पहाटे ती थोडंच प्याली. तोंड काढून कूस बदलून झोपली. मी दिवा लावला आणि वही काढली. पाजण्याच्या रकान्यात लिहिलं: ५.१०, डावी बाजू. गोळीचा रकाना त्यापुढे तीन दिवस तसाच चालू आहे, टॅक्रोलिमस, एनालाप्रिल, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. चौथ्या दिवशी त्यात मायकोफेनोलेट आलं आहे, सकाळी साडेआठला.